भाड्याने नंदी

मी तरुण मुलामुलींना पैशाबद्दल शिकवते. माझ्याकडे फार पैसे नाहीत हे आधीच सांगून टाकते, कारण प्रत्येक नव्या वर्गात पहिल्याच दिवशी कुणीतरी ते विचारतंच. कारंजा घाडगेला एका मुलानं विचारलं होतं, "ताई, तुमची गाडी कोणती?" मी म्हटलं, एसटी. तो म्हणाला, "मंग आमाले श्रीमंत कसं करान?" श्रीमंत करणं माझ्या कामात बसत नाही, असं मी त्याला सांगितलं. पुढच्या वेळी तो आला नाही. त्याचा मला राग आला नाही. तो जाहिरात वाचून आला होता, आणि जाहिरातीत आमच्या संस्थेनं खरंच तसं काहीतरी छापलं होतं.

काम असं आहे. वर्धा जिल्ह्यातल्या मोठ्या गावांत आम्ही तीन महिन्यांचा वर्ग घेतो. वय अठरा ते पंचवीस. कुठं ग्रामपंचायतीचं सभागृह मिळतं, कुठं शाळा सुटल्यावर पाचवीचा वर्ग, तिथं बाकं इतकी बुटकी की गुडघे छातीला लागतात. पहिल्या महिन्यात घरखर्च, बँक, व्याज, विमा आणि फोनवरून होणारी फसवणूक. दुसऱ्या महिन्यात लागत, म्हणजे माल बनवायचा खर्च, मग किंमत, नफा, गिऱ्हाईक. तिसऱ्या महिन्यात प्रत्येकानं स्वतःचा एक छोटा धंदा करून पाहायचा. खरा वर्ग तिसऱ्या महिन्याचाच. आधीचे दोन महिने आम्ही एकमेकांची ओळख करून घेत असतो.

मी या कामात आले ती वादाच्या खुमखुमीनं. माझे वडील हिंगणघाटला गिरणीत होते आणि युनियनची पत्रकं आमच्या घरी गठ्ठ्यानं पडलेली असत. मला अक्षरओळख त्यांच्यावरच झाली. त्यामुळे उद्गारचिन्ह मी फार लवकर शिकले आणि स्वल्पविराम फार उशिरा. श्रमाला दाम मिळालाच पाहिजे, हे वाक्य मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. पुढे अर्थशास्त्र शिकले तेव्हा तिथं हे वाक्य नव्हतं. मग मीच ते वर्गात घुसवलं.

ते असं घुसवते. अल्लीपूरच्या वर्गात एक मुलगा होता, प्रज्वल. कॉलेजच्या रस्त्यावर सकाळी तर्री-पोह्याची गाडी लावायचा, पोह्यावर चण्याचा झणझणीत रस्सा. त्यानं फळ्यावर लागत मांडली: पोहे, तेल, चणे, गॅस, कागदी प्लेटा. नफा भरपूर निघाला, वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, "तर्री कोण करतं?"

"माय करते."

"तिची मजुरी कुठं लिहिली?"

"मायची कायची मजुरी, ताई? ते तं घरीच असते."

मी त्याला मजुरी लिहायला लावली. नफा बोटभर उरला. दुसऱ्या दिवशी त्याची आई मला बस थांब्यावर गाठून म्हणाली, "मॅडम, मजुरी राहू द्या. त्याले म्हणा पहिले स्वतःचं ताट उचल." हा माझ्या वर्गाचा सर्वांत ठोस परिणाम असावा, कारण पुढे तो ताट उचलायला लागला.

सगळे पालक असे नसतात. कारंज्याचे एक किराणा दुकानदार माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसत. मुलाला सोडायला येतो म्हणत आणि संपेपर्यंत हलत नसत. एकदा त्यांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, हिशोब शिकवा पोट्ट्याले, पण दुनियेचा शिकवा. आपल्या दुकानाचा नका शिकवू. पगार मागून राह्यला तो." मी म्हटलं, द्या मग. ते म्हणाले, "द्याचाच असता तं नोकर नसता ठेवला?" या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला.

पण मला सांगायचं आहे ते हिंगणीचं.

हिंगणी म्हणजे सेलूच्या पुढे, बोर धरणाच्या वाटेवर, जंगल सुरू होतं तिथं. वर्गात मयूरी नावाची मुलगी होती, वय वीस, सुताराची. तिचे वडील बंडूभाऊ. रस्त्याला लागून त्यांचं टिनाचं शेड, तेच दुकान. पूर्वी तिथं वखरं, खाटा, दाराच्या चौकटी होत. आता लोक दारंसुद्धा तयार आणतात. बंडूभाऊ रोजानं वर्ध्याला जात, लोकांच्या स्वयंपाकघरात प्लायवूडची कपाटं बसवायला. शेड रिकामं पडलेलं. समोरच्या कृषी केंद्राच्या शेठजींना ते खताच्या गोडाऊनसाठी भाड्यानं हवं होतं, आणि बंडूभाऊंनी जवळजवळ हो म्हटलेलं होतं.

मयूरीला ते दुकान स्वतः चालवायचं होतं. रंधा, पटाशी, करवत तिला बापाइतकी नाही तरी पुरेशी येत होती. लहानपणापासून ती त्याच भुशात खेळलेली. तिनं बापाकडं एकच मुदत मागितली, पोळ्यापर्यंतची. पोळ्यात दुकानानं काही कमावून दाखवलं तर शेड तिचं, नाहीतर पोळ्यानंतरच्या रविवारी चावी शेठजींना.

पोळाच का, हे आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. तो लेकरांचा पोळा. चाकं लावलेला लाकडी बैल, म्हणजे नंदी, सजवायचा, दोरीनं ओढत तोरणाखाली न्यायचा. ज्याची सजावट चांगली त्याला बक्षीस. मग लेकरं नंदी घेऊन घरोघर फिरतात आणि घरची बाई नंदीची पूजा करून त्यांच्या हातावर पैसे ठेवते. चांगला सागवानी नंदी महाग पडतो. तो घरात एकदा येतो आणि पिढ्यानपिढ्या राहतो. ज्यांच्याकडे नाही त्यांची लेकरं मातीचा किंवा प्लास्टिकचा बैल घेऊन कडेला उभी राहतात.

मयूरी वर्गात उभी राहून म्हणाली, "ताई, मंडपवाला खुर्च्या भाड्यानं देते. सेलूले नवरीचे दागिने भाड्यानं भेटते. मंग नंदी काऊन नाई? पोट्ट्याले एकच दिवस तं लागते."

मला ही कल्पना इतकी आवडली की त्या दिवशीचा ठरलेला पाठ मी सोडून दिला. वर्षातून एकदाच लागणारी, विकत न परवडणारी वस्तू म्हणजे भाड्याच्या धंद्याचं शुद्ध उदाहरण. आम्ही सगळ्यांनी मिळून फळ्यावर ते मांडलं. फर्निचरवाल्यांकडून सागवानाचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतील. रंग, चाकं, घुंगरू. मयूरीनं स्वतःची मजुरी कुणी न सांगता धरली. भाडं थोडं, अनामत नंदीच्या निम्म्या किमतीएवढी. अनामत जास्त ठेवली तर गिऱ्हाईक येत नाही, कमी ठेवली तर वस्तू परत येत नाही, म्हणून मध्य. तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी न्यायचा, दुसऱ्या दिवशी आणून द्यायचा. कागदावर सही.

बंडूभाऊंना हे पटलं नव्हतं. "हे पोट्ट्याइचं खेळणं हाय. खेळण्यावर दुकान चालत नाई," एवढं म्हणून ते वर्ध्याच्या बसमध्ये बसत. पण रविवारी त्यांनी तिच्या नंदींना शिंगं बसवून दिली.

पत्रक मी लिहिलं. ते काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही. "नंदी हा फक्त पैसेवाल्याच्याच लेकराचा का? प्रत्येक घरात नंदी, प्रत्येक हातात दोरी." मयूरीनं वाचून म्हटलं, "ताई, हे मोर्चाचं वाटून राह्यलं." मी दोन उद्गारचिन्हं काढली, बाकी ठेवलं. दोन दिवसांत सगळे नंदी बुक झाले.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मी मुद्दाम हिंगणीला गेले. शाळेच्या मैदानावर आंब्याच्या पानांचं तोरण आणि खाली नंदींच्या रांगा. मयूरीचे नंदी दुरून ओळखू येत, सगळ्यांना तिनं एकाच डब्यातला विटकरी रंग दिला होता. त्यांच्यापुढं दोऱ्या धरून उभी असलेली लेकरं मागच्या वर्षी कडेला होती. एका पोरीनं आपल्या नंदीला बापाच्या जुन्या टायची झूल केली होती, तिला बक्षीस मिळालं. मयूरी मैदानाच्या टोकाला उभी राहून चाकांकडं बघत होती. मी म्हटलं, धंदा जमला. ती म्हणाली, "चाकं झिजून राह्यली, ताई. सिमेंटचा रोड हाय ना." तिचं ते बोलणं मला चुकीच्या वेळचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मयूरीकडं गेले. दुपारपर्यंत एकही नंदी परत आला नव्हता.

संध्याकाळी एक गृहस्थ आले, नंदी काखेत. नंदीच्या कपाळावर कुंकू, शिंगांना हळदीची बोटं. मयूरी पुढं झाली, तेवढ्यात तिची आई घराच्या दारातून म्हणाली, "आत नको आणू तो."

"काऊन?"

"त्याहीच्या घरी ओवाळला ना त्याले? मंग तो त्याहीचा झाला. दुसऱ्याच्या घरून काढलेला नंदी मी नाई घेत बाप्पा."

त्या गृहस्थांचा चेहरा उजळला. "मी तेच म्हणून राह्यलतो वहिनी. पण कागदावर सही केलती ना." ते नंदी घेऊन आले तसे परत गेले. जाताना त्यांची चाल हलकी होती.

तेव्हा मला समजलं काय झालं ते. घरचा म्हणून ओवाळलेला नंदी आमच्याकडे कायमचा घराबाहेर काढत नाहीत. हे मला माहीत होतं, मयूरीला माहीत होतं, वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं. आमच्या सगळ्यांच्या घरी असा एक तरी नंदी आहे. पण फळ्यापुढं बसलो की आम्ही अशी माणसं होतो ज्यांना घर नाही, आई नाही, देव्हारा नाही, फक्त लागत आणि किंमत आहे. खुर्ची, दागिना आणि नंदी आम्ही एकाच रकान्यात लिहिले, आणि कुणाचाही हात अडला नाही.

तरीही मी चिडले. सही होती. अनामत निम्मीच होती, म्हणजे उरलेली निम्मी किंमत मयूरीच्या अंगावर. पुढच्या वर्षी भाड्यानं द्यायला नंदी नाहीत. आणि रविवारी चावी. मी म्हटलं, उद्या सकाळी चल, घरोघर जाऊ.

पहिलं घर सुभद्राबाईंचं, गावात त्यांना सगळे सुभद्रा बुढी म्हणतात. सून शेतात गेलेली, नातू शाळेत. नंदी टीव्हीच्या शेजारी, पुढं तांदळाची रास. मी कागद काढला.

त्या म्हणाल्या, "ओवाळलेला नंदी काढते का कोनी घरातून? तुमच्या घरी काढते का, बाई?"

मी म्हटलं, प्रश्न माझ्या घरचा नाही, कराराचा आहे.

"तुमच्याच कागदात लिहून हाय. नातवानं वाचून दाखवलं मले. प्रत्येक घरात नंदी. मंग आमचं घर घर नाई का?"

स्वतःचं पत्रक असं परत ऐकायची मला सवय नव्हती. मयूरीनं माझ्या हातातला कागद घेतला, घडी केली आणि म्हणाली, "ठेवा आजी. उद्या येतो मी." आणि आम्ही निघालो.

वाटेत मी बरंच बोलले. ती ऐकत होती. शेडशी आल्यावर म्हणाली, "ताई, मी जबरदस्तीनं आणला असता, तरी माह्या मायनं ठेवू दिला नसता. तो नंदी त्याहीचा झाला. आता त्याहीले काय लागन ते पाहा लागन." मग तिनं कोपऱ्यातून गोल कापलेला एक तुकडा उचलला. "चाकं लागन."

तिचा विचार असा होता. नंदी लोक ठेवून घेतील. उरलेली किंमत एकदम नाही, दोन वर्षांत. आणि दरवर्षी पोळ्याच्या आधी ती पिशवी घेऊन त्या त्या घरी जाईल, झिजलेली चाकं बदलेल, रंग देईल. नंदी घराबाहेर निघणार नाही. दारात गेलेच आहे तर खाटेचा पाय, पाट, चौरंग, खिडकीची बिजागरी, जे असेल ते. दर घराशी वर्षाचं ठरवून.

मी म्हटलं, "हे बलुतं आहे, मयूरी."

बलुतं म्हणजे काय, हे माझ्या पिढीला पत्रकांतूनच माहीत आहे. सुतारानं, लोहारानं, न्हाव्यानं वर्षभर साऱ्या गावाचं काम करायचं आणि सुगीला शेतकरी देईल ते धान्य घ्यायचं. जातीनं ठरलेलं काम, दुसऱ्यानं ठरवलेला दाम. माझे वडील त्यावर अर्धा तास न थांबता बोलू शकत. मीही त्या दिवशी बोलले. मी म्हटलं, तुझ्या आजानं जे सोडलं ते तू शहाणपणानं परत आणते आहेस, आणि तेही माझ्या वर्गातून.

ती चाक घासत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "आजा वावराच्या कडेले धुऱ्यावर उभा राहे. देईन ते घे. भाव कोन सांगे? वावरवाला. मी घरात बसून भाव सांगीन, ताई. पटला तं काम, नाई तं रामराम."

"आणि सगळ्यांनी नाही म्हटलं तर?"

"तं नंदी चाकाबिगर अलमारीवर बसन. अन् पोट्टं त्याहीचं रडन, माहं नाई."

माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही. दहा वर्षांनी तिचा भाव गाव ठरवणार नाही याची खात्री कुणी द्यावी? मी तिला एवढंच म्हटलं की भाव दरवर्षी नवा सांगायचा, मागचा पुढं चालवायचा नाही. तिनं मान हलवली. ते तिला आधीच माहीत होतं की माझ्यामुळे पटलं, मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी ती घरोघर गेली. मी सोबत होते, पण बोलायचं नाही अशी तिनं अट घातली होती. काहींनी किंमत तिथंच पूर्ण देऊन टाकली, घरात सुतारीण येणार हे त्यांना नको होतं. एका घरानं नंदीही ठेवला आणि दारही लावलं. बाकीच्यांनी घासाघीस केली. सुभद्राबाईंनी सर्वांत जास्त.

"एवढे? चाकाचे?"

"लाकूड हाय, रंग हाय, माही मजुरी हाय, आजी."

"तुही कायची मजुरी? तू तं गावचीच हायेस."

"गावची हाय म्हणून एवढेच. सेलूचा मिस्त्री बोलवा, त्याले एसटीचं तिकीट द्या, अन् जेवू घाला."

"जेवू तुलेही घालीनच ना."

"ते वेगळं. ते मजुरीत नाई धरलं."

म्हातारी हसली नाही. आत जाऊन पैसे घेऊन आली, मयूरीच्या हातावर ठेवले आणि खाट दाखवली. खाटेचा एक पाय विटेवर टेकलेला होता.

सगळं गोळा करूनही पैसे शेठजींच्या वर्षभराच्या भाड्यापेक्षा कमीच भरले. मयूरीनं ते बापापुढं ठेवले आणि कमी आहेत हेही सांगितलं. बंडूभाऊंनी ते मोजून बाजूला ठेवले.

रविवारी वर्ग नव्हता, तरी मी गेले. संस्थेला या वर्गाची यशोगाथा हवी होती, फोटोसकट, आणि मला काय लिहावं ते कळत नव्हतं. बंडूभाऊ शेडमध्ये पटाशीला धार लावत बसले होते. शेठजी मोटारसायकलवरून उतरले. मागच्या भिंतीवर त्यांनी पोत्यांच्या थप्प्यांसाठी खडूनं रेघा मारून ठेवल्या होत्या. त्यांनी आधी त्या रेघांकडं एकदा पाहून घेतलं.

"झाला पोळा, बंडूभाऊ. चावी?"

"चावी पोरीजवळ हाय."

"बोलवा मंग तिले."

"कामावर गेली ते."

शेठजींनी माझ्याकडं पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडं. "लागली का कुठं? वर्ध्याले?"

"इथंच. सुभद्रा बुढीकडं खाट हाय. मंग पाटलाच्या खिडक्या."

"केव्हा येईन?"

"काम होईन तवा."

शेठजी स्टुलावर बसले. मग ते म्हणाले, "पोट्टीच्या पाट-चौरंगावर घर चालन का, बंडूभाऊ? मी महिन्याच्या महिन्याले देऊन राह्यलो."

"नाई चालन," बंडूभाऊ म्हणाले. "मी जाईनच ना वर्ध्याले." पटाशी त्यांनी अंगठ्यावर लावून पाहिली. "तुम्ही दुसरी जागा पाहा, शेठजी."

शेठजींच्या गाडीचा आवाज वळणाच्या पुढं गेला तसे बंडूभाऊ उठले, माठातलं पाणी फडक्यावर ओतलं, आणि भिंतीवरच्या रेघा पुसायला लागले.